दुसऱ्या वाचनात टिकणारी रहस्यं : अलीकडचे थ्रिलर आणि किशोर कादंबऱ्या

कवडसा

गेल्या दहा-बारा वर्षांत इंग्रजीत थ्रिलरचा पूर आलाय आणि बहुतेकांची जाहिरात एकाच गोष्टीवर चालते: शेवटची कलाटणी. 'शेवट ओळखताच येणार नाही' ही सर्वांत मोठी शिफारस मानली जाते. मला ती शिफारस वाटत नाही. वाचकाला शेवट कळू न देणं सोपं आहे, माहिती दाबून ठेवली की काम झालं. सगळं त्याच्या डोळ्यांसमोर मांडून तरीही चकवणं अवघड. त्यामुळे थ्रिलरची खरी परीक्षा दुसऱ्या वाचनात होते. शेवट माहीत झाल्यावर पहिली पन्नास पानं परत काढायची आणि वाक्यं तपासायची. ज्या वाक्याला आता वेगळा अर्थ लागतो ते लेखकाचं कसब. जे वाक्य आता सरळसरळ खोटं ठरतं, तिथे लेखकाने लबाडी केली.

हा वाद नवा नाही. अगाथा ख्रिस्तीबाईंच्या १९२६ सालच्या 'रॉजर ॲक्रॉइड' या कादंबरीवरून निवेदकाने वाचकापासून किती लपवावं यावर बरीच खडाजंगी झाली. १९२९ मध्ये रहस्यकथालेखक रोनाल्ड नॉक्स यांनी रहस्यकथेचे दहा नियम मांडले. त्यातला पहिलाच असा: गुन्हेगार गोष्टीत लवकर आला पाहिजे, पण ज्याच्या मनातले विचार वाचकाला दाखवलेत अशा पात्राला गुन्हेगार करू नये. आजच्या घरगुती (घर-संसारातच घडणाऱ्या) थ्रिलरमधले निम्मे हा नियम मोडूनच उभे आहेत. मोडायला हरकत नाही, फक्त कसा मोडला ते बघायचं.

(पुढच्या परिच्छेदात 'गॉन गर्ल'चा रहस्यभेद आहे.)

गिलियन फ्लिनची 'गॉन गर्ल' (२०१२) हे माझ्या दृष्टीने याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण. एक प्रकरण नवऱ्याचं निवेदन, एक प्रकरण बायकोची डायरी. पुस्तकाच्या मध्यावर कळतं की डायरी बनावट आहे, पोलिसांनी वाचावी म्हणूनच लिहिलेली. ही फसवणूक मला पूर्ण न्याय्य वाटते. डायरी हा कागद आहे. कागद कोणीतरी, कोणासाठी तरी, काही हेतूने लिहिलेला असतो आणि त्यावर शंका घेण्याचा हक्क वाचकाला पहिल्या पानापासून असतो. कागद खोटा निघाला तर वाचकाची नजर कमी पडली. पात्राच्या मनात आपल्याला नेऊन तिथला नेमका एक विचार झाकला, तर दोष लेखकाकडे जातो.

माझा मुद्दा असा की हे भान सध्या मोठ्यांच्या थ्रिलरपेक्षा किशोरांसाठी लिहिलेल्या रहस्यकथांत जास्त दिसतं. होली जॅक्सनची 'अ गुड गर्ल्स गाइड टु मर्डर' (२०१९) घ्या. लिटल किल्टन गावातली अँडी बेल पाच वर्षांपूर्वी नाहीशी झाली. तिला तिच्या मित्राने, सल सिंगने मारलं आणि मग जीव दिला असं सगळं गाव धरून चाललंय. पिप नावाची मुलगी शाळेच्या प्रकल्पासाठी हे प्रकरण परत उघडते. प्रकल्पाच्या नोंदवहीतल्या नोंदी, मुलाखतींचे शब्दशः उतारे, संशयितांची दर नोंदीनंतर वाढत जाणारी यादी हे सगळं पानावर छापलेलं आहे. पिपला जे माहीत ते वाचकाला माहीत. ती कुठल्या उताऱ्यावरून कुठला निष्कर्ष काढते ते मागे जाऊन तपासता येतं, आणि चुकीचा निष्कर्ष काढते तेव्हा तोही तपासता येतो. दोष आहेतच. पिप समोर जाऊन उभी राहिली की माणसं फार पटापट कबूल होतात, आणि मधला भाग त्यामुळे सैल पडतो. पण वाचकापासून काही चोरलेलं नाही.

इतरांची मतं वाचायला आवडतील. शेवट उघड करणारा मजकूर असेल तर आधी पुस्तकाचं नाव लिहून रहस्यभेद असल्याचं सांगा.

---

दुर्बीण

कागदाचा मुद्दा पटला. पण 'गॉन गर्ल'ला पूर्ण गुण देता येणार नाहीत. नवरा, निक, पोलिसांशी कितव्यांदा खोटं बोलला ते मोजून वाचकाला सांगतो, मात्र स्वतःच्या विवाहबाह्य संबंधाबद्दल बराच काळ अवाक्षर काढत नाही. हे मनातलं झाकणंच झालं. बचाव एवढाच की जो माणूस स्वतःची खोटी विधानं मोजतोय तो काय मोजत नाही, हा प्रश्न चाणाक्ष वाचकाला पडायला हवा.

यात एक निकष वाढवतो: प्रकरणांवरच्या तारखा. पॉला हॉकिन्सच्या 'द गर्ल ऑन द ट्रेन' (२०१५) मध्ये रेचल, मेगन आणि ॲना अशा तिघी बोलतात. प्रत्येक नोंदीवर नाव, तारीख, सकाळ की संध्याकाळ हे दिलेलं आहे. मेगनच्या नोंदी रेचलच्या सुमारे वर्षभर आधी सुरू होतात. बरेच वाचक मथळे न वाचता पुढे जातात आणि मग 'गोंधळ उडतो' अशी तक्रार करतात. लेखिकेने काहीही लपवलेलं नाही. मेगन नाहीशी झाली त्या रात्रीचं रेचलला दारूमुळे आठवत नाही, म्हणजे जे तिला ठाऊक नाही तेच आपल्याला ठाऊक नाही. तिची विस्मृती पहिल्या काही पानांतच सांगितलेली आहे, ऐनवेळी काढलेली नाही.

'द सायलेंट पेशंट'चा रहस्यभेद खाली आहे.

ॲलेक्स मायकेलिडीसच्या या कादंबरीत (२०१९) रुग्ण ॲलिसियाच्या डायरीला तारखा आहेत. तिच्यावर उपचार करणारा मानसोपचारक थिओ याच्या निवेदनाला नाहीत. त्याच्या निवेदनात दवाखान्यातला उपचार आणि बायकोच्या बाहेरख्यालीपणाचा छडा असे दोन पदर आलटून पालटून येतात. वाचक ते एकाच काळातले धरतो, आणि सगळी कलाटणी त्या गृहीतकावर उभी आहे. परत वाचताना जवळजवळ एकही वाक्य खोटं सापडत नाही, एवढं श्रेय द्यावंच लागेल. पण तारीख न देणं हीच युक्ती आहे आणि ती एकदाच चालते. कवडसा यांच्या परीक्षेत हे पुस्तक वाक्यावाक्याला पास होतं, तरी दुसऱ्या वाचनात त्यात उरत काही नाही. पात्रं त्या एका खिळ्यावर टांगलेली आहेत. तेव्हा परीक्षेचे दोन भाग करायला हवेत: खोटं किती आणि उरतं किती.

---

आगगाडी

माझी असहमती आहे, आणि ती मूळ मुद्द्याशी आहे. तुम्ही दोघं सगळ्या पुस्तकांना कोडं समजून गुण देताय. थ्रिलर म्हणजे कोडं नव्हे.

सिनेदिग्दर्शक हिचकॉकने फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोला दिलेल्या मुलाखतीत सांगितलेला फरक इथे कामाचा आहे. टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला माहीत नसेल तर तो फुटल्यावर पंधरा सेकंदांचा धक्का मिळतो. माहीत असेल तर टेबलावरच्या साध्या गप्पाही पंधरा मिनिटं श्वास रोखायला लावतात. पहिलं आश्चर्य, दुसरी उत्कंठा. नॉक्सचे नियम आश्चर्याच्या हिशेबासाठी आहेत. उत्कंठेला ते लावले तर चांगली पुस्तकं विनाकारण नापास होतील.

फ्रीडा मॅकफॅडनची 'द हाउसमेड' (२०२२) बघा. घरकामाला आलेल्या मिलीला राहायला माळ्यावरची खोली मिळते. तिची कडी बाहेरून आहे आणि खिडकी उघडत नाही. हा बॉम्ब लेखिका अगदी सुरुवातीला टेबलाखाली ठेवते. पुढची शंभर पानं कोणीही जिना चढलं की वाचक कडीकडे बघतो. भाषा साधी, प्रकरणं चार-पाच पानांची, जवळपास प्रत्येक प्रकरण एका अर्धवट कृतीवर तुटतं. मध्येच निवेदक बदलतो आणि आतापर्यंतचं घर दुसऱ्या बाजूने दिसायला लागतं. वाङ्मयीन मूल्य थोडं असेल, पण यंत्रणा चोख आहे. बिघडतं कुठे, तर शेवटाकडे: खलपात्राला कारण देताना लेखिका एका परिच्छेदात बालपण उरकते. भीती जितकी तपशिलात रंगवली तितकं कारण रंगवलेलं नाही, म्हणून शेवट हलका वाटतो.

किशोर साहित्यात तर शेवट आधीच माहीत असून उत्कंठा टिकल्याचं ताजं उदाहरण आहे. सुझान कॉलिन्सच्या 'हंगर गेम्स' मालिकेतली 'सनराइज ऑन द रीपिंग' मार्च २०२५ मध्ये आली. मुलांना मरेपर्यंत लढवणाऱ्या खेळांपैकी पन्नासाव्या खेळात ४८ जणांमधून कोण वाचतं हे २००९ च्या 'कॅचिंग फायर'पासून सगळ्यांना माहीत आहे. तरी पुस्तक खाली ठेववत नाही. कोण जिंकलं हा प्रश्नच नाही; जिंकण्याची किंमत कोणी आणि किती चुकवली, हा आहे.

---

कवडसा

@आगगाडी, फरक मान्य. पण तुमचं शेवटचं उदाहरण माझ्याच बाजूने जातं. 'कॅचिंग फायर'मध्ये मालिकेतली मुख्य पात्रं कॅटनिस आणि पीटा त्या पन्नासाव्या खेळाची चित्रफीत बघतात आणि आपण ती खरी मानतो. नव्या पुस्तकात कळतं की कॅपिटॉलने, म्हणजे तिथल्या सत्तेने, ती कापून-जोडून दाखवली होती. म्हणजे तीही बनावट डायरीच झाली! चित्रफीत सत्ताधाऱ्यांनी बनवलेली आहे हे २००९ मध्येही पानावर होतं, शंका आपण घेतली नाही. दोन पुस्तकांत सोळा वर्षांचं अंतर ठेवून लावलेला हा दुवा मला फार आवडला.

'हाउसमेड'च्या शेवटाबद्दल तुमच्याशी सहमत.

---

मांडवी

धागा छान. एक सरळ प्रश्न: यातलं १३ वर्षांच्या वाचकाला काय द्यावं आणि काय देऊ नये? दुकानात 'यंग अडल्ट' या एकाच फळीवर सगळं असतं. मुखपृष्ठावरून काही कळत नाही.

---

तळटीप

@मांडवी, अमेरिकेतल्या ग्रंथालयांच्या संघटना 'यंग अडल्ट' म्हणजे १२ ते १८ धरतात. १२ आणि १८ यांत जग बदलतं, त्यामुळे ती फळी एकसंध समजूच नका. मुखपृष्ठ सोडा, मुख्य पात्राचं वय बघा. किशोर वाचक साधारण आपल्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठ्या पात्राचं वाचतात. पात्र १५ चं असेल तर पुस्तक बहुधा १३ ला झेपतं. पात्र १८-१९ चं असेल तर आधी स्वतः चाळा.

१३ ला निर्धास्त देता येईल असं म्हणजे एलन रास्किनची 'द वेस्टिंग गेम'. १९७८ ची आहे, १९७९ चं न्यूबेरी पदक मिळालेलं. एका धनाढ्याचे १६ वारस, त्यांच्या ८ जोड्या, प्रत्येक जोडीला १०,००० डॉलर आणि शब्दांच्या चिठ्ठ्या. चिठ्ठ्यांमधले शब्द वाचकालाही मिळतात, म्हणून कागद-पेन्सिल घेऊन सोडवता येते. पहिली तीस पानं पात्रांच्या गर्दीमुळे जड जातात. जोड्यांची यादी लिहून पुस्तकात ठेवली की पुढे अडत नाही.

जेनिफर लिन बार्न्सची 'द इनहेरिटन्स गेम्स' (२०२०) ही तिचीच पुढची पिढी. एव्हरी या शाळकरी मुलीला अनोळखी अब्जाधीशाची ४६.२ अब्ज डॉलरची संपत्ती मिळते, अट अशी की त्याच्या वाड्यात वर्षभर राहायचं. १३ ला चालेल. प्रेमाचा त्रिकोण आहे, पण सौम्य. कोडी मात्र वाचकाला सोडवायला नाहीत. सुगावा सापडतो आणि दोन पानांत तिथलंच एखादं पात्र तो सोडवतं. ज्या मुलांना सोडवायची हौस आहे ती कंटाळतात. ज्यांना वेग आणि वाड्यातल्या गुप्त वाटा हव्यात ती तीन भाग एका दमात संपवतात.

कॅरेन मॅकमॅनसची 'वन ऑफ अस इज लाइंग' (२०१७) १४ पासून. शाळेतल्या शिक्षेच्या तासाला पाच मुलं बसतात, त्यातला एक शेंगदाण्याच्या ॲलर्जीने मरतो, उरलेले चौघे संशयित आणि चौघेही निवेदक. प्रकरणावर नाव, दिवस, वेळ आहे. कवडसा यांच्या निकषावर इथे एक खोट आहे: चौघांपैकी एकाचं खासगी गुपित त्याच्याच निवेदनात बराच काळ झाकून ठेवलंय. पुस्तकात आत्महत्येचा विषय मध्यवर्ती आहे, तेवढं मोठ्यांनी लक्षात घेऊन द्यावं.

'गुड गर्ल्स गाइड'चा पहिला भाग १४, तिसरा 'ॲज गुड ॲज डेड' (२०२१) किमान १६. मालिका एकच, पण तिसऱ्यात हिंसा आणि तिचा मनावरचा परिणाम पूर्ण वेगळ्या पातळीवर जातो. पालक पहिला भाग वाचून तीनही एकदम घेऊन देतात, तिथे फसगत होते.

आता सांभाळून द्यायची. कोर्टनी समर्सची 'सेडी' (२०१८) आणि अँजेलिन बुलीची 'फायरकीपर्स डॉटर' (२०२१). 'सेडी'त १९ वर्षांची मुलगी धाकट्या बहिणीच्या खुन्यामागे निघते, विषय बालकांचं लैंगिक शोषण. तपशील भडक नाहीत, पण शेवट मोकळा सोडलेला आहे आणि तो लहान वाचकाला अस्वस्थ करून सोडतो. 'फायरकीपर्स डॉटर'मध्ये ओजिब्वे या मूळनिवासी समाजातली १८ वर्षांची डॉनिस मादक द्रव्यांच्या तपासात एफबीआयची खबरी होते. तिला २०२२ चं प्रिंट्झ पारितोषिक आहे. रसायनशास्त्र, हॉकी आणि वनस्पतींची पारंपरिक माहिती ही तिघंही तपासात खरी उपयोगी पडतात, सजावट म्हणून येत नाहीत. दोन्ही १६ पासून.

आणि वाचनाचा कंटाळा असलेल्या मुलाला जेसन रेनॉल्ड्सची 'लाँग वे डाउन' (२०१७). सगळी मुक्तछंदात. १५ वर्षांचा विल भावाच्या खुनाचा सूड घ्यायला पिस्तूल घेऊन लिफ्टमध्ये शिरतो. लिफ्ट खाली यायला लागणारं एक मिनिट म्हणजे अख्खं पुस्तक. प्रत्येक मजल्यावर एक मेलेलं माणूस आत येतं. दीड-दोन तासांत वाचून होते, १४ पासून चालेल. शेवटचं पान दोन शब्दांचं आहे, आधी उघडू देऊ नका.

---

मांडवी

खूप आभार! हेच हवं होतं. 'वेस्टिंग गेम'पासून सुरुवात करते.

---

उंबरा

'गुड गर्ल्स गाइड' घेणाऱ्यांसाठी: ब्रिटिश आणि अमेरिकी आवृत्त्यांत फरक आहे. मूळ ब्रिटिश पुस्तकात गाव लिटल किल्टन. अमेरिकी आवृत्तीत तेच गाव कनेटिकटमधलं फेअरव्ह्यू झालं, शाळेचा प्रकल्प, परीक्षा, पोलिसांची रचना सगळं त्या हिशेबाने बदललं. एक भाग इकडचा आणि दुसरा तिकडचा घेतला तर गावाचं नावच जुळत नाही. ऑनलाइन जुनी प्रत घेताना आतल्या मजकुराचं एखादं पान बघून घ्या, मुखपृष्ठावरून खात्री होत नाही. शक्य असेल तर ब्रिटिशच घ्या. सगळे सगळ्यांना ओळखतात असं लहान इंग्रजी गाव हा गोष्टीचा कणा आहे.

दुसऱ्या भागाच्या सुरुवातीलाच पहिल्याचा निकाल सांगितलाय, तेव्हा क्रम चुकवू नये: २०१९, २०२०, २०२१. 'किल जॉय' ही छोटी पूर्वकथा कधीही वाचा.

---

दुर्बीण

@तळटीप, प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा.

ऐकून वाचणाऱ्यांसाठी थोडं. कागदपत्रांची पुस्तकं ऐकण्यात मार खातात. जॅनिस हॅलेटची 'द अपील' (२०२१) हे अख्खं पुस्तक हौशी नाटक मंडळीच्या ईमेल आणि निरोपांचं आहे, आणि दोन शिकाऊ वकील ती फाइल वाचून खुनी ओळखायचा प्रयत्न करतात. कोणी कोणाला किती वाजता लिहिलं आणि कोणाचं उत्तर फाइलमध्ये दिसतच नाही, यात सुगावे आहेत. ते कानाने पकडणं फार कठीण. छापील घ्या, आणि नाटकाच्या पात्रयादीच्या पानाला खूण घालून ठेवा. पहिली साठ पानं मागे-पुढे करावं लागतं, मग नावं बसतात. छोट्या पडद्याच्या ई-रीडरवरही नकाशे आणि हस्ताक्षरातल्या नोंदी धूसर दिसतात.

उलट 'सेडी' ऐकावी. तिची निम्मी प्रकरणं पॉडकास्टच्या भागांसारखीच लिहिलीत, अनेक आवाजांत ध्वनिमुद्रण झालंय, आणि त्या ऑडिओला २०१९ चं ओडिसी पारितोषिक आहे. छापील पानावर पॉडकास्टचा भाग थोडा कोरडा वाटतो, कानात तो जिवंत होतो.

---

पाणवठा

जपानी पुस्तकांशिवाय हा धागा अपुरा राहील. कोडं आणि उत्कंठा यांचा वाद तिथे एकाच पुस्तकात मिटलेला दिसतो.

केइगो हिगाशिनोची 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स' (जपानी २००५, इंग्रजी २०११). खून कोणी केला, कसा केला हे सुरुवातीलाच आपल्या डोळ्यांदेखत घडतं. शेजारचा गणिताचा शिक्षक इशिगामी तो लपवायची जबाबदारी घेतो. म्हणजे बॉम्ब टेबलाखाली दिसतोय, आता पकडले जातात का एवढाच प्रश्न. ही झाली उत्कंठा. पण तिच्या आडून हिगाशिनो एक संपूर्ण वेगळं कोडं सोडवायला ठेवतो आणि वाचकाला पत्ताही नसतो की आपल्याला काही विचारलं गेलंय. परत वाचताना पोलीस कोणत्या दिवसाबद्दल विचारतात आणि उत्तरं कोणत्या शब्दांत येतात एवढंच बघा. खोटं वाक्य सापडत नाही. हे पुस्तक शुद्ध कोड्याच्या परंपरेत बसतं की नाही, यावर जपानमध्ये जाहीर वादही झाला. त्यावरचा हिंदी सिनेमा 'जाने जान' (२०२३) गोष्ट कालिम्पोंगला नेतो. आधी पुस्तक वाचा.

युकितो आयात्सुजीची 'द डेकॅगॉन हाउस मर्डर्स' (१९८७) जुनी आहे, पण इंग्रजीत २०१५ ला आली म्हणून आपल्याकडे नवीच. विद्यापीठाच्या रहस्यकथा मंडळातली सात मुलं बेटावरच्या दशकोनी घरात राहतात, एकमेकांना एलरी, कार, अगाथा अशा लेखकांच्या नावांनी हाक मारतात. एक प्रकरण बेटावर, एक मुख्य भूमीवर. घराचा आराखडा दिलाय. सगळं रहस्य एका वाक्यात उलगडतं. ते वाक्य पान उलटल्यावर यावं अशी छपाई असते, म्हणून पुढे चाळू नका. पात्रं पुठ्ठ्याची आहेत हा आक्षेप खरा आहे. कोड्यासाठीच वाचायची.

---

तळटीप

मराठीत येऊ. बाबुराव अर्नाळकरांपासून सुहास शिरवळकरांपर्यंत आपल्याकडे रहस्यकथा भरपूर झाली. शिरवळकरांचा अमर विश्वास वकील असल्याने पुरावा न्यायालयात मांडावा लागतो, आणि त्यामुळे त्या गोष्टी वाचकाशी जास्त प्रामाणिक आहेत. मुलांसाठी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आहे. पण १४ ते १७ या वयासाठी आज मूळ मराठीत रहस्य फार थोडं लिहिलं जातं, आणि भाषांतरावर भागवायचं तर एक अडचण आहे जिच्याबद्दल बोललं जात नाही.

आजच्या इंग्रजी थ्रिलरमध्ये मधूनमधून तिरप्या ठशात अनाम खुन्याचं स्वगत येतं. 'मी' कोण, बाई की पुरुष, कळत नाही, आणि अर्धी गंमत त्यावर असते. मराठीत 'मी खोलीत शिरलो' म्हटलं की निम्मे संशयित बाद! वर्तमानकाळातही सुटका नाही, 'बघतो' किंवा 'बघते' लिहावंच लागतं.

वाट आहे, ती व्याकरणातच आहे. सकर्मक क्रियापदाचा भूतकाळ कर्माप्रमाणे चालतो: 'मी दार उघडलं', 'मी सुरी पुसली'. इथे बोलणारं कोण ते कळत नाही. 'मला चाहूल लागली', 'माझी नजर घड्याळाकडे गेली' हेही सुरक्षित. भविष्यकाळ सुरक्षित: 'मी वाट बघेन'. 'मी बघत आहे' चालतं, पण बोलण्यातलं 'बघतोय' चालत नाही. खड्डे आहेत ते काही ठरावीक क्रियापदांत. शिकणे, विसरणे, पिणे, बोलणे, म्हणणे यांना कर्म असलं तरी ती कर्त्याप्रमाणेच फिरतात: 'मी नाव विसरलो'. भाषांतरकार नेमका तिथे घसरतो.

दुसरी खबरदारी लांबीची. अशी वाक्यं सलग चार पानं आली की लपवाछपवी वाचकाच्या लक्षात येते, आणि मूळ इंग्रजीत तसा इशारा कुठेच नसतो. म्हणून स्वगत अर्ध्या पानाच्या आत तोडावं.

---

उंबरा

@तळटीप, यात धमकीचं पत्र आणि निनावी फोन हेही धरा. इंग्रजीत एकच संबोधन सगळ्यांना चालतं. मराठीत 'तू' लिहिलं की 'तुम्ही', यावरून पत्र लिहिणारा वयाने, नात्याने कुठे आहे याचा अंदाज येतो. सासऱ्याला धमकी देणारी सून 'तू' लिहिणार का, हा प्रश्न भाषांतरात आपोआप उभा राहतो. मूळ मराठी लिहिणाऱ्यासाठी मात्र ही सोय आहे. 'तू'चं पत्र 'अहो-जाहो'तल्या माणसाने मुद्दाम लिहिलं, तर उत्तम फसवा दुवा तयार होतो, आणि तो पहिल्या पानापासून वाचकाच्या हातात असतो.

---

कवडसा

@उंबरा, हा दुवा कोणीतरी खरंच वापरायला हवा.

१३-१४ च्या मराठी वाचकासाठी सत्यजित राय यांचा फेलुदा सुचवेन. अशोक जैन यांचा मराठी अनुवाद रोहन प्रकाशनाने काढलाय. निवेदक तोपशे स्वतः शाळकरी, आणि फेलुदा जे बघतो ते तोही बघतो, फक्त जोडणी त्याला जमत नाही. वाचकाला बरोबर तेवढीच संधी मिळते. सुरुवात लखनौमधल्या 'बादशाही अंगठी'पासून करावी.

---

आगगाडी

फेलुदाचं नाव निघालं म्हणून आणखी एक सांगतो. राय यांनी 'सोनार केल्ला' १९७१ मध्ये कादंबरी म्हणून लिहिली तेव्हा तोतया कोण हे उशिरापर्यंत झाकलं. १९७४ मध्ये स्वतःच सिनेमा केला तेव्हा तोतया प्रेक्षकाला आधीच दाखवून टाकला आणि सगळा भर पाठलागावर ठेवला. गोष्ट तीच, लेखक तोच. पुस्तकाला त्यांनी आश्चर्य दिलं, पडद्याला उत्कंठा. @मांडवी, तुमच्या वाचकाला आधी पुस्तक द्या आणि मग सिनेमा दाखवा. उलट क्रमाने पुस्तकातलं कोडं वाया जातं, या क्रमाने दोन्ही मिळतात.